पाणीबिणी आणि पाणिनी

बदलीच्या गावी शेजाऱ्यांची बोली प्रथम कानी पडते ती पाहुणचारात. दिल्लीत ‘पानी-वानी’, पंजाब्याच्या घरी ‘रोटी-शोटी’, बंगाल्याकडे ‘चा-टा’. परवा आमच्या धाकट्याने आईजवळ ‘पाणीवाणी’ मागितले. घरात हसू झाले. आम्ही मात्र किंचित चरकलो. शब्द मराठीच होता. त्याचा साचा तेवढा परका झाला होता.

हा साचा कसा घडतो, हे व्याकरणाचे जुने कोडे आहे. पाणिनीने सहाव्या अध्यायात ‘ददाति’सारख्या रूपांतील धातूचे द्वित्व सांगितले, आठव्यात ‘दिने दिने’सारखे अख्ख्या पदाचे. पुढे पतंजलीच्या महाभाष्यात प्रश्न निघाला: एका शब्दाच्या जागी दोन येतात, की एकच शब्द दोनदा उच्चारला जातो? कुणाला हा काथ्याकूट वाटेल. परंतु आधुनिकांचा वादही याच वळणावर येऊन ठेपला आहे.

१९८२ साली अमेरिकेतील अॅलेक मॅरँट्झ यांनी द्विरुक्तीला प्रत्यय मानले. या प्रत्ययाला स्वतःचे ध्वनी नसतात. असतो नुसता सांगाडा. तो मूळ शब्दाच्या ध्वनींची नक्कल करून भरला जातो. एखादी जागा आधीच भरलेलीही असू शकते. आमच्या ‘बि’ला हे चपखल लागू पडते. उलट शॅरन इंकेलास आणि शेरिल झॉल यांनी २००५ साली म्हटले की, येथे नक्कल मुळी नाहीच. व्याकरण एकच अर्थ दोनदा मागते. तसे धरले तर ध्वनीने भिन्न पण अर्थाने एक असे ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’ हेही याच कुळातले ठरतात. पतंजलीचा दुसरा पक्षच नव्या वेषात आला की काय, असे क्षणभर वाटते; अर्थात साम्य फार ताणू नये. आमच्या मते ‘पाणीबिणी’ला पहिले मत मानवते, ‘बाजारहाट’ला दुसरे.

मात्र मराठीला ‘बि’ आणि हिंदीला ‘व’ का, याचा उलगडा दोन्हींत होत नाही. तो इतिहासाकडेच मागावा लागतो. मरे एमेनो यांनी १९५६ साली दाखविले की, असे प्रतिध्वनी-शब्द भारतात भाषाकुलांच्या सीमा ओलांडून पसरले आहेत. हिंदी ‘किताब-विताब’ म्हणताना मूळ स्वर राखते. मराठी ‘पुस्तकबिस्तक’ म्हणताना तो गिळते, आणि कानडीही ‘पुस्तक-गिस्तक’ असेच म्हणते. या बाबतीत आमचा शेजार दक्षिणेचा.

धाकटा हल्ली आजीशी ‘जेवणबिवण’ बोलतो आणि खाली अंगणात ‘खाना-वाना’.