मुलांच्या दातांसाठी तार की पारदर्शक अलायनर?

दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागले की बऱ्याच घरांत प्रश्न निघतो, "याचे दात पुढे येतायत, तार लावावी लागेल का?" आता तारेसोबत डॉक्टर क्लिअर अलायनरचंही नाव घेतात. तो सहज दिसत नाही, म्हणून मुलांना तोच हवा असतो. तार लावल्यावर नववीतल्या मुली पहिले काही दिवस तोंडावर हात धरून बोलतात, हे मी वर्गात पाहते. त्यामुळे त्यांची इच्छा समजू शकते.

अलायनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारा पातळ प्लास्टिकचा साचा. दातांचं माप घेऊन कॉम्प्युटरवर पुढच्या हालचाली ठरवतात आणि त्याप्रमाणे अनेक साचे बनतात. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा लावायचा. अमेरिकेत १९९७ मध्ये सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी कंपनीने ही पद्धत 'इन्व्हिजलाइन' या नावाने आणली. सुरुवातीला ती मोठ्या माणसांसाठी होती, लहान मुलांसाठी खास साचे बऱ्याच नंतर आले.

तार असो की साचा, आत काम एकच चालतं. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं हाड भरत जातं. हे सावकाशच होतं, म्हणून उपचाराला बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं लागतात.

खरी अडचण वेगळीच आहे. साचा दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवा. खाताना काढायचा, साध्या पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचा, चूळ भरून परत लावायचा. आमच्या शाळेत एका मुलाने डबा खाताना साचा कागदात गुंडाळून ठेवला आणि कागद कचऱ्यात गेला. सुट्टीनंतर अख्खा वर्ग डस्टबिन शोधत होता! नव्या साच्याचे पैसे पालकांनी भरले, वर उपचार लांबला. साच्याची डबी दप्तरात हवीच. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मोठ्या मुलांना दिवसा तो काढावा लागत नाही, पण सहरीनंतर ब्रश करायला वेळ राखून उठावं लागतं.

तार मात्र मुलाच्या आठवणीवर अवलंबून नसते. चिकटवलेली असते, चोवीस तास काम करते. तिचे त्रास म्हणजे गालाला टोचणं, अन्न अडकणं, चिक्की आणि कडक पदार्थ बंद. ब्रश नीट केला नाही तर दातांवर पांढरे डाग पडतात.

थोडी गर्दी किंवा फटी असतील तर अलायनर चांगला चालतो. हाडात अडकलेला सुळा खाली आणायचा असेल, दात फार फिरलेला असेल किंवा दाढ काढून मोठी जागा भरायची असेल तर अनेक डॉक्टर तारच सुचवतात. अलायनर लावला तरी दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागू शकतात, म्हणजे तो अगदीच 'अदृश्य' नसतो.

खर्च तारेपेक्षा सहसा बराच जास्त येतो. परवडत नसेल तर सरकारी दंत महाविद्यालयांत चौकशी करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. बीडीएसनंतर ऑर्थोडोंटिक्समध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडूनच तपासून घ्या. घरबसल्या माप घेऊन साचे पाठवणाऱ्या जाहिरातींपासून मुलांना दूरच ठेवा. अमेरिकेतली अशी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि ग्राहकांचे उपचार अर्धवट राहिले.

पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या आसपास करावी असं तज्ज्ञ सांगतात. तेव्हाच काही लावायचं असं नाही, जबड्याची वाढ कशी चाललीय ते कळतं. आणि एक गोष्ट डॉक्टरांना आधीच विचारा: शेवटी रिटेनर किती दिवस घालावा लागेल, त्याचे पैसे ठरलेल्या फीमध्ये आहेत की वेगळे? रिटेनर सोडला की दात परत जागा सोडू लागतात, तार लावलेली असो वा अलायनर.