कल्पना कोणाची, पटकथा कोणाची

"माझ्याकडे गोष्ट तयार आहे, फक्त लिहून देणारा हवा," असे सांगणारा माणूस गावोगाव भेटतो. सिल्व्हासाहून नारोलीकडे जाताना दमणगंगेच्या काठी अथाल लागते. तिथेही तो भेटेल आणि त्याच्याकडची गोष्ट बहुधा १९५४ सालची असेल. त्याच्या वाक्यातल्या 'फक्त' या शब्दात सगळा घोटाळा आहे. पटकथाकाराला आपण पैसे देतो ते मुख्यतः निर्णय घेण्याचे. कागदावर उतरवण्याची मजुरी त्यात नाममात्र असते. हे लक्षात न घेता लेखक नेमणारा माणूस एक तर लेखकाला लेखनिक समजतो, नाहीतर आपली गोष्ट चोरीला गेली म्हणून पुढे भांडत बसतो.

प्रथम संज्ञा वेगळ्या करू. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'कथा-पटकथा-संवाद' हे तीन शब्द एका दमात येतात, त्यामुळे ते एकच काम आहे असा समज होतो. कल्पना या तिन्हींच्या आधीची. ती एका वाक्यात सांगता येते. कथेत माणसे येतात, त्यांना काहीतरी हवे असते आणि ते मिळण्यात अडथळा असतो. पटकथा हा दृश्यांचा क्रम: काय दिसेल, कधी दिसेल आणि काय मुद्दाम दाखवायचे नाही. संवाद सर्वांत शेवटी येतात. नवख्या माणसाने लिहून आणलेल्या वहीत मात्र बहुतेक वेळा कल्पना आणि संवाद एवढेच असते, मधले दोन मजले रिकामे.

आता १९५४ची, म्हणजे दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटल्याची गोष्टच घेऊ. २२ जुलैला दादरा 'युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स'च्या हाती आले. २८ जुलैला नारोली पडली. नारोली आणि सिल्व्हासा यांच्या मध्ये दमणगंगा, आणि दिवस पावसाळ्याचे. २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले आणि खानवेलच्या दिशेने निघालेल्या पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गोने ११ ऑगस्टला शरणागती पत्करली. मोहिमेतल्या स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडके होते. या मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. पुढे सात वर्षे हा मुलूख ना पोर्तुगालचा, ना भारताचा. १२ एप्रिल १९६०ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला. ११ ऑगस्ट १९६१ला विलीनीकरण झाले, त्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करून करारावर सही घेतली गेली.

विषय भन्नाट आहे, पण यात अजून चित्रपट नाही. यात तारखा आहेत. पटकथाकार येतो आणि विचारतो की हे कोणाच्या डोळ्यांनी बघायचे? हार्मोनियम सोडून मोहिमेत उतरलेल्या संगीतकाराच्या नजरेने पाहिले तर एक चित्रपट होतो. एका दिवसाच्या पंतप्रधानापासून सुरुवात केली तर जवळजवळ विनोदी, कागदपत्रांच्या राज्याचा दुसरा. आणि ज्या वारली शेतकऱ्याच्या बांधावरून दोन्ही बाजूंची माणसे चिखल तुडवत गेली, त्याच्या बाजूने तिसरा. त्यात कदाचित झेंडा शेवटपर्यंत दिसणारच नाही. युनायटेड फ्रंट, संघाचे स्वयंसेवक, आझाद गोमंतक दल, कम्युनिस्ट असे निरनिराळे गट या लढ्यात होते. सगळ्यांना समान न्याय द्यायला गेले की पडद्यावर स्मरणिका उमटते. कोणाला वगळायचे हा निर्णय लेखक घेतो, आणि शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

कल्पना आणि पटकथा यांतले अंतर मोजायला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग ही मूळ कल्पना. ती खरी होती, कोणाच्याही मालकीची नव्हती आणि वर्तमानपत्रात चार ओळींत मावली असती. ग. दि. माडगूळकरांनी तिच्यातून सहा खुनी कैदी आणि एक जेलर निवडला, म्हणजे शीर्षकातले हात आणि डोळे मोजून ठरवले. पुरुषांच्या त्या रुक्ष जगात खेळणी विकणारी चंपा आणली. प्रयोगाच्या अहवालात चंपा कुठून असणार? दिग्दर्शक व्ही. शांतारामांना जे मिळाले ते हे निर्णय. माडगूळकरांचे शिक्षण औंधात झाले होते, ही गोष्टही लेखक निवडताना विसरण्यासारखी नाही. विषयाची माती पायाला लागलेला लेखक मिळाला तर निम्मे संशोधन वाचते.

लेखक गाठायला मोठ्या स्टुडिओचे पाठबळ लागतेच असे नाही. रामदास फुटाणे जामखेडचे चित्रकला शिक्षक. त्यांनी निर्माता व्हायचे ठरवले तेव्हा लेखक म्हणून गाठले विजय तेंडुलकरांना, आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात 'सामना' (१९७५) उभा राहिला. तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. फुटाणे स्वतः कवी, शब्दांशी ओळख असलेले. तरी पटकथेची लेखणी त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिली. हौशी कल्पनाधारकाला नेमके हेच जमत नाही.

आता कायदा. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. आनंद यांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'नई दिल्ली' हा चित्रपट यांत प्रांतवाद हा विषय सारखा होता, तेवढ्याने नक्कल सिद्ध झाली नाही. म्हणून अथालच्या आपल्या माणसाकडे '१९५४वर सिनेमा' एवढेच असेल तर त्याच्या मालकीचे काहीच नाही. आजोबांची अप्रकाशित रोजनिशी असेल तर गोष्ट वेगळी. ते साहित्य आहे, त्याचा हक्क वारसांकडे येतो आणि लेखकाशी बोलताना तेच त्याचे भांडवल.

मग कल्पना सांगायचीच नाही का? सांगावी, पण कोणत्या विश्वासाने सांगितली याचा माग ठेवून. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तपशिलाने विकसित केलेल्या, गोपनीयतेने सांगितलेल्या संकल्पनेला संरक्षण दिले. एका वाक्यापेक्षा चार पानांचा आराखडा बरा, आणि तो देण्याआधी गोपनीयतेचा छोटा करार त्याहून बरा. दादरा-नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात येते, त्यामुळे हा निकाल आपल्या माणसाला परका नाही. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता कपाटात ठेवण्याचा तोडगा अजून काही जण सांगतात; त्यापेक्षा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य होऊन तिथे नोंदणी करावी. या नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, अमुक तारखेला हे लिखाण अस्तित्वात होते एवढा पुरावा मिळतो.

पटकथा लिहून झाल्यावर तिचा पहिला मालक कोण? कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे सर्वसाधारणपणे लेखक. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर मालक वेगळा, पण मानधनावर नेमलेला लेखक नोकर नव्हे. हक्क आपल्याकडे यायचे तर लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा त्या कामाचा नाही. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, त्याचे हस्तांतरण संपुष्टात येते. चित्रपटाच्या धंद्यात एक वर्ष म्हणजे निर्मात्याच्या दोन भेटी आणि एक चहा. तेव्हा हे कलम आधी वाचावे. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडताही येत नाही. तसा करार केला तरी तो रद्दबातल.

घोस्ट रायटरचा, म्हणजे पडद्याआडच्या लेखकाचा प्रश्न इथेच अडतो. 'पैसे घे, नाव माझे' हा सौदा आत्मचरित्रात खपून जातो. चित्रपटात माझ्या मते तो मुळातच चुकीचा. कलम ५७ प्रमाणे कर्तृत्वावर दावा सांगण्याचा लेखकाचा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो, रॉयल्टीचे वर सांगितलेच. त्यामुळे पडद्याआडचा सौदा कागदापेक्षा शब्दावर उभा असतो. त्याहून मोठी अडचण व्यवहारातली आहे. दिग्दर्शक विचारतो, हा प्रसंग मध्यंतरापूर्वी का? नट विचारतो, मी इथे गप्प का बसतो? ज्याने निर्णय घेतले नाहीत त्याला उत्तर देता येत नाही, आणि पहिल्या वाचनालाच पितळ उघडे पडते. प्रामाणिक वाट सोपी आहे: 'कथा' किंवा 'मूळ संकल्पना' या श्रेयावर आपले नाव, 'पटकथा' यावर लेखकाचे.

सुधीर फडक्यांकडे पाहावे. सिल्व्हासाच्या मोहिमेतला हा माणूस पुढे 'वीर सावरकर' चित्रपटाच्या ध्यासाने वर्षानुवर्षे झपाटलेला होता. लोकवर्गणीतून उभारलेला तो चित्रपट २००१ साली आला, फडके २००२ साली गेले. ध्यास, पैसा जमवण्याची वणवण, संगीत हे त्यांचे; दिग्दर्शन वेद राही यांचे, जे स्वतः डोगरीतले साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त लेखक. चित्रपट कसा झाला यावर मतभेद असू शकतात. पण तो कोणामुळे झाला याबद्दल कोणाला शंका नाही, आणि त्यासाठी फडक्यांना दिग्दर्शक म्हणवून घ्यावे लागले नाही.

पैशाबद्दल थोडक्यात: सगळे एकदम देऊ नयेत. सहीच्या वेळी काही, ट्रीटमेंटनंतर, म्हणजे गोष्टीच्या सविस्तर आराखड्यानंतर काही, पहिल्या ड्राफ्टला, मग दुसऱ्याला. किती ड्राफ्ट याच मानधनात हे आकड्यात लिहावे, कारण 'थोडा बदल' या शब्दाने जितकी मैत्री तुटली तितकी पैशाने नाही. ट्रीटमेंट वाचून पटले नाही तर तिथेच थांबण्याची मुभा दोघांना असावी, आणि थांबल्यास रोजनिशी कोणाची, लेखकाने निर्माण केलेली पात्रे कोणाची, हेही आधीच ठरलेले असावे.

एक काम मात्र अथालच्या माणसाने मुंबईच्या लेखकावर सोडू नये. १९५४च्या नारोली-सिल्व्हासात कानावर पडणाऱ्या भाषा अनेक: वारली, धोडिया, कोकणा, गुजराती, मराठी आणि चौकीवर पोर्तुगीज. सगळ्या पात्रांना पुणेरी मराठी बोलायला लावले की उत्तम पटकथाही खोटी वाटू लागते. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलेल, बाजारात कोणत्या, शिपायासमोर कोणत्या, हे घरातल्या म्हाताऱ्यांकडे बसून लिहून काढता येते. ते काम त्याने स्वतः करावे, आणि करारात त्यासाठी 'संवाद साहाय्य' अशी वेगळी ओळ स्वतःच्या नावाने मागून घ्यावी.