राजमुद्रा, शिवाजी महाराजांची
छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा. युरोपात ढालीवरचे कुलचिन्ह सिंह, गरुड अशा चित्रांतून व्यक्तीची ओळख सांगते. इथे ते काम शब्दांनीच केले आहे. दरबारी व्यवहारात फारसी मुद्रांचा प्रघात असताना ही मुद्रा संस्कृतात आहे, ही तिची सर्वांत ठळक खूण. तीत प्रतिपदेच्या वाढत्या चंद्रकोरीची उपमा आहे: सत्ता आज लहान, पण वाढणारी. शहाजीपुत्र एवढीच ओळख पुरेशी मानली आहे. पदव्यांची रांग नाही. लोककल्याण हा हेतू तर थेट मुद्रेतच नोंदवलेला, आणि हेच तिचे खरे मोठेपण. पत्राच्या शेवटी वेगळी मर्यादामुद्रा उमटे, त्यामुळे खाली मजकूर घुसडता येत नसे. २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या भारतीय नौदलाच्या ध्वजावरील अष्टकोन याच मुद्रेवरून घेतला आहे.