बाळंतविड्यातले मोजे

भाचीला आठवा महिना लागला आणि मी क्रोशाची सुई शोधून काढली. आईला कळल्यावर तिचं पहिलं वाक्य : "आत्तापासून कशाला? आधी बाळ येऊ दे घरात." आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत, विणत नाहीत, विकतसुद्धा आणत नाहीत. जन्मल्यावरही पहिले काही दिवस त्याला जुनंच, कुणाचं तरी वापरलेलं अंगावर घालायचं. नवंकोरं अंगावर घातलं की कुणाची तरी नजर जाते, असा त्यामागचा समज. त्यामुळे सध्या माझं विणकाम दुपारी, आई झोपली की चालतं. पन्नाशी उलटल्यावर आईपासून लपवून काहीतरी करण्यात वेगळीच गंमत आहे!

मोजे करायला घेतले ते नमुना समोर ठेवून. नमुना म्हणजे नगरच्या घरातल्या ट्रंकेत सापडलेला एकच मोजा. पांढरी लोकर आता साईसारखी पिवळट झालेली, वर घोट्याशी ओवलेली नाडी, नाडीच्या एका टोकाला गोंडा, दुसऱ्या टोकाचा कुठेतरी पडलेला. तळवा मोजला तर साडेतीन इंच. हा मोजा माझ्या मोठ्या काकाचा, १९४६ सालचा. जोडीतला दुसरा कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. क्रोशाच्या मोज्यांना डावा-उजवा नसतो, म्हणून निदान हरवलेला कोणता हा प्रश्न तरी पडत नाही.

मोजा हातात घेऊन बसले आणि वाटलं, हे सगळं किती जुनं असेल नाही? आजी, पणजी, तिची आजी, सगळ्या अशाच ओसरीवर बसून बाळांचे मोजे विणत असतील. मग जरा शोधायला लागले, तर चित्र भलतंच निघालं.

आपल्याकडचा जुना बाळंतविडा आठवून पाहा. कुंची, टोपडं, झबलं, लाळेरं, दुपटी, सोबत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. हे सगळे कपडे सुती आणि शिवलेले. दुपटं तर आजीच्या जुन्या लुगड्याचंच हवं, कारण धुऊन धुऊन ते लोण्यासारखं मऊ झालेलं असतं. आणि पायात? पायात चांदीचे वाळे. थंडी असली तर पाय दुपट्यात गुंडाळायचे, शेक द्यायचा. पायासाठी वेगळं वस्त्र ही कल्पनाच आपली नव्हे.

बरं, नगर जिल्ह्यात लोकरीला तोटा होता म्हणावं तर तसंही नाही. जिल्ह्याला आता जिचं नाव दिलंय ती अहिल्याबाई १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीला धनगराच्याच घरात जन्मली. नगरच्या माळरानांवर मेंढरं पिढ्यान् पिढ्या चरत आली आहेत. पण दख्खनी मेंढीची लोकर काळी, आखूड आणि राठ. ती कातायची, खड्ड्याच्या मागावर विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची, की घोंगडी तयार. पाऊस, थंडी, काटे, सगळ्याला पुरून उरते. पण महिन्याच्या बाळाच्या पायाला ती लावून बघा, घर डोक्यावर घेईल! म्हणजे लोकर होती, थंडी होती, बाळंही होती, पण मोजे नव्हते. मऊ लोकर बाहेरून यायची होती आणि ती विणायची रीतही.

क्रोशा हा शब्दच फ्रेंच. अर्थ, छोटा आकडा. (शाळेत संस्कृतच्या तासाला 'क्रोश' म्हणजे कोस असं शिकल्यावर मला कित्येक दिवस वाटायचं की या विणकामात दोरा कोसभर लागतो म्हणून ते नाव असावं.) आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो तो युरोपातसुद्धा फार जुना नाही. १८२०नंतर त्याचे नमुने छापून येऊ लागले आणि १८४०च्या दशकात नमुन्यांच्या पुस्तकांची लाट आली. त्याच दशकात, १८४५पासून, आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि भीषण दुष्काळ पडला. तेव्हा तिथल्या जोगिणींनी आणि पाद्र्यांच्या बायकांनी गरीब घरच्या मुली-बायकांना क्रोशाची लेस शिकवली. एक सुई, एक रीळ, भांडवल जवळजवळ शून्य. त्या लेसवर कित्येक घरांची चूल पेटली.

क्रोशा हिंदुस्थानात आला तोही बराचसा मिशनऱ्यांच्या बायकांच्या पिशवीतून. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला तो १८४०च्या दशकात पोचला आणि तिथे पुढे त्याचा मोठा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण डोक्यातून जात नाही. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना सगळेजण 'घरी बसणाऱ्या' म्हणत, आणि घरीच बसतात, फावल्या वेळात करतात, म्हणून मजुरी नावापुरती.

आता आपल्या नगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं केलं १८३१ साली. १८३९मध्ये इथे आल्या सिंथिया फॅरार. १८२७ साली एकट्या, लग्न न करता, बोटीने मुंबईला उतरलेली ही बाई. अमेरिकेतून परदेशी मिशनच्या कामावर गेलेली पहिली अविवाहित स्त्री असं तिच्याबद्दल सांगतात. नगरमध्ये तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली नगरमध्येच देह ठेवला. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली, आणि १८४८ला पुण्यात भिडेवाड्यात काय घडलं ते आपण जाणतोच. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे फॅरारबाईंकडे घेतले असं चरित्रांतून येतं.

फॅरारबाईंच्या वर्गात मुली क्रोशाच्या सुया घेऊन बसल्या होत्या असं मी म्हणणार नाही. क्रोशाला तेव्हा तिकडेही मिसरूड फुटत होतं. पण मिशनच्या मुलींच्या शाळेत वाचन-लेखनाबरोबर शिवणाचा तास असायचाच. त्या तासाचं काम दुहेरी होतं असं मला वाटतं. मुलीला अक्षर शिकवायचं म्हटलं की घरचे बिचकत, शिवण शिकवतो म्हटलं की जरा सैल होत. सुईच्या आडोशाने पाटी आत शिरली. उलटही झालं. पुढे १८८४ला पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, निघालं तेव्हा तिथे इंग्रजी वगैरे शिकवण्यावर टिळकांनी कडाडून टीका केली. मुलींनी घरकामाला उपयोगी तेवढं शिकावं, हा त्या काळच्या पुष्कळ शहाण्यांचा सूर होता. म्हणजे तीच सुई एकाने दार उघडायला वापरली आणि दुसऱ्याने कडी लावायला.

मग नगरवर दुष्काळ आले. १८७६, १८९६, आणि १८९९-१९००चा तो कुप्रसिद्ध छप्पनचा. मिशनने अनाथ पोरं सांभाळली आणि त्यांना पोटापुरतं कसब द्यायचा प्रयत्न केला. डी. सी. चर्चिल नावाच्या अमेरिकन माणसाने नगरमध्ये वेगाने चालणारा हातमाग बनवला तो याच काळानंतर. मुलींच्या हाती मात्र बहुधा सुईदोराच आला. आयर्लंडची गोष्ट पन्नास वर्षांनी नगरच्या माळावर, असं मला हे वाचताना वाटत राहिलं.

या मुलींपैकी काही पुढे शिक्षिका झाल्या. महार-मांग घरांतून ख्रिस्ती झालेल्या, शिकलेल्या, पगार मिळवणाऱ्या बायका. नगरच्या वाड्यांमधल्या, लुगड्यातल्या मुली ज्या शाळेत जाऊ लागल्या, तिथे शिवण-विणकामाला याच बाई असत. पुढे सेवासदन आलं, १९३०ला 'स्त्री' मासिक आलं, अँकरचा दोरा आणि लुधियानाची लोकर आली, आणि बघता बघता मोजे बाळंतविड्यात असे जाऊन बसले की जणू कायम तिथेच होते.

माझी आजी क्रोशा शिकली ती शाळेत, १९३८च्या सुमाराला. शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाई होत्या. आजी त्यांना 'क्रोशाच्या बाई' म्हणायची. आजीचं लग्न झालं, शाळा सुटली. १९४६ला काका झाला तेव्हा बाई बाळ बघायला वाड्यावर आल्या, हा मोजा आणि त्याचा जोडीदार घेऊन.

पुढची गोष्ट आम्ही लहानपणापासून विनोद म्हणून ऐकलेली. पणजी कडक सोवळ्याची. बाई ओसरीच्या खाली उभ्या. त्यांच्या हातची वस्तू घरात घ्यायची कशी? पणजीने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "लोकर आहे ना? लोकरीला विटाळ नसतो. घे गं." धाबळी नेसून सोवळ्यात वावरणारी ती, तिचं शास्त्र पक्कं होतं. मोजे तेवढे आत आले. आम्ही सगळे खो-खो हसायचो. पणजी कशी हुशार, शास्त्रात वाट कशी काढली!

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आहे, तेही आपण असंच हसत वाचतो. पण लक्ष्मीबाईंनी पुढे ते सोवळं स्वतः सोडलं, आणि आयुष्याचा मोठा काळ याच नगर-राहुरीत काढला. तो पहिला भाग १९३४ला छापून आला होता. म्हणजे आमच्या ओसरीवरच्या प्रसंगाच्या बारा वर्षं आधी.

आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने मला गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. बाईंना चहा दिला होता, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात. बाईंनी ग्लास पाहिला, ओळखला, आणि म्हणाल्या, "चहा मी घेत नाही." आजी म्हणाली, "शाळेत मधल्या सुट्टीत बाई चहा प्यायच्या गं. मी रोज पाहिलेलं. आणि मी दारात बाळ घेऊन उभी. एक शब्द बोलले नाही." बाई परत कधी आल्या नाहीत.

त्या दिवसापासून मला हा मोजा वेगळा दिसतो. परवा भिंग घेऊन पाहिला. सुरुवात बारा साखळ्यांची, त्याभोवती खांबांच्या दोन ओळी, टोकांना वाढवलेल्या, म्हणजे लांबट गोल तळवा होतो. मग वाढ न करता दोन ओळी उभ्या. पुढे बोटांपाशी दोन-दोन खांब एकत्र घेऊन चवडा मिटवलाय, वर घोट्याला मुक्या खांबांची ओळ. अगदी साधी वीण, नवशिकीलाही जमेल. पण तळव्याखाली लोकर तीन ठिकाणी जोडली आहे आणि सुटं टोक ओढलं तर ते कुरळंच राहतं. नवी लोकर गुंड्यातून सरळ निघते. ही उसवलेली आहे. युद्ध नुकतं संपलेलं, कापड रेशनवर. बाईंनी कुठला तरी जुना स्वेटर उसवून हे मोजे विणले असणार. कदाचित स्वतःचा.

आणखी एक दिसलं. आतल्या बाजूने एकही टोक सुटं नाही, प्रत्येक टोक विणीत मागे ओवून घेतलंय. हे महत्त्वाचं असतं. आतला सुटा दोरा बाळाच्या बोटाला वेढला तर रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. (मोजे करणाऱ्यांनी कृपया नीट तपासा. आणि गोंडे लावू नका, बाळं ते तोंडात घालतात.)

क्रोशाचं खरंखुरं यंत्र अजून कुणाला साधलेलं नाही. साध्या सुयांचं विणकाम यंत्रावर होतं, क्रोशाचं नाही. नगरच्या कापडबाजारात टांगलेली मोज्यांची स्वस्तातली जोडी क्रोशाची असेल, तर तीसुद्धा कुणीतरी हातानेच केलेली असते. मी हल्ली भाव करत नाही.

काल नव्वदीच्या आतेआजीला फोन केला. ती आजीच्या खालच्या वर्गात होती. विचारलं, क्रोशाच्या बाईंचं नाव काय गं? बराच वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "नाव? आम्ही बाईच म्हणायचो." मग म्हणाली, "उंच होत्या. डावऱ्या होत्या. आम्हाला उजव्या हाताने शिकवायचं म्हणून समोरासमोर बसायच्या, आरशासारख्या."

फोन ठेवला आणि मोजा पुन्हा पाहिला. डावऱ्या हाताने विणलं की ओळी उलट्या दिशेने फिरतात. यात त्या उलट्याच फिरल्या आहेत. इतके दिवस नमुना लावताना माझं काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं.

माझा पहिला मोजा झालाय. दुसरा एक ओळ मोठा झाला, तो उसवायला घेतलाय. आईची झोप अजून अर्धा तास आहे.