कार्यक्रमासाठी पोर्टेबल डीजे सेट घेताय? आधी हे पाहा

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटले की स्पीकरची भिंतच डोळ्यांसमोर येते. पण हळद, वाढदिवस किंवा कॅफेतल्या छोट्या कार्यक्रमाला एकट्याने कारच्या डिकीतून नेता येईल असा सेट पुरतो. ऐन कार्यक्रमात गाणे बंद पडले तर सगळ्यांच्या नजरा डीजेकडे वळतात. त्यामुळे सेट निवडताना वजन आणि किमतीइतकाच भरवसाही महत्त्वाचा.

मुख्य प्रकार दोन

कंट्रोलर: हा लॅपटॉपला जोडून चालतो. गाणी आणि रेकॉर्डबॉक्स किंवा सेराटोसारखे सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये असते. पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ साधारण २ किलोचा आहे आणि यूएसबीवरच चालतो. नवशिक्याला हा प्रकार परवडतो. मात्र लॅपटॉप हँग झाला की संगीतही थांबते.

स्टँडअलोन: यात लॅपटॉप लागत नाही, पेनड्राइव्ह लावला की काम सुरू. किंमत आणि वजन सहसा जास्त. काही यंत्रांत बॅटरीही असते. कंपन्यांच्या दाव्यानुसार डेनॉनचा प्राइम गो सुमारे ४ तास, तर २०२४ मध्ये आलेला अल्फाथीटाचा ऑम्निस-ड्युओ सुमारे ५ तास चालतो. टेरेसवर किंवा शेतावर, जिथे प्लग जवळ नसतो, तिथे हे सोयीचे.

मागची बाजू नक्की पाहा

स्वस्त कंट्रोलरला बहुधा फक्त आरसीए आउटपुट असते. त्याची वायर लांब गेली की घरघर मिसळण्याची शक्यता वाढते. हॉलच्या साउंड सिस्टीमला जोडायचे असेल, तर एक्सएलआर आउटपुट असलेला सेट बरा. त्याचा बॅलन्स्ड सिग्नल लांबवर स्वच्छ जातो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

बॉक्सवर ठळक छापलेला ‘पीक’ आकडा क्षणभराच्या ताकदीचा असतो. सलग किती ताकद मिळते, हे ‘आरएमएस’ आकड्यावरून कळते. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ५०० ऐवजी १००० वॅटचा स्पीकर घेतला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. छोट्या कार्यक्रमासाठी ॲम्प्लिफायर आतच असलेले, म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ स्पीकर घ्यावेत. वेगळे ओझे वाचते.

पिशवीत हे हवेच

- त्याच गाण्यांचे दोन पेनड्राइव्ह. ते एफएटी३२ फॉरमॅटमध्ये असावेत, कारण काही जुने प्लेअर इतर फॉरमॅट वाचत नाहीत.
- जास्तीची यूएसबी आणि ऑडिओ केबल.
- ऑफलाइन गाण्यांचा मोबाइल आणि तो मिक्सरला जोडणारी वायर. लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत हाच मांडव सावरतो.
- जनरेटरवर कार्यक्रम असेल तर छोटा यूपीएस.

नियमही लक्षात ठेवा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ती त्या दिवशी आहे का, हे आयोजकाकडून आधीच विचारून घ्यावे. लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगीही लागते.

विकत घेण्यापूर्वी

मनात असलेला सेट एका कार्यक्रमापुरता भाड्याने घेऊन पाहावा. तीन-चार तास सलग वाजवल्यावर उणिवा दिसतात, दुकानातल्या दहा मिनिटांत नाही.