घटप्रभेच्या काठी

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नेरूळच्या घरात जमवलेली जुनी गॅझेटियरे हीच माझी शाळा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा. त्यात गोकाकच्या धबधब्याविषयी वाचले आणि यंदाच्या श्रावणात बेळगाव गाठले. खरे तर धबधबा हे निमित्त. बेळगाव मराठीच, हे लहानपणापासून मनात ठसलेले. त्यावर लेख लिहायचा होता आणि पुरावे हवे होते.

एक पुरावा हाताशी होता. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलन बेळगावातच भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, शहर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने १९६७ साली दिलेला अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

किल्ल्यात मात्र कमल बस्तीपाशी थबकलो. हे जैन मंदिर १२०४ सालचे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ते बांधले. त्या मंदिराविषयीचे शिलालेख कन्नड भाषेत आहेत. वहीत टिपताना हात अडखळला. हे लेखात घ्यावे की गाळावे?

दुसऱ्या दिवशी गोकाकला गेलो. घटप्रभा तिथे सुमारे १७० फुटांवरून कोसळते. पावसाळ्यात पाणी तांबडेलाल, तुषार झुलत्या पुलापर्यंत. काठावर चालुक्य शैलीतले महालिंगेश्वराचे मंदिर आणि एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी. या पाण्यात हिरण्यकेशीचेही पाणी असते. ती सिंधुदुर्गातल्या आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते.

कणसे भाजणाऱ्या बाईंनी विचारले, "कुठनं आलायसा?" मी नवी मुंबई म्हटले. "लई लांबनं आलासा की," म्हणत त्यांनी कणसाला मीठ-तिखट चोळले आणि लगेच मुलाला कन्नडमधून कोळसे आणायला पिटाळले.

परतीच्या वाटेवर ठरवले, कमल बस्ती लेखात राहील. सोयीचे तेवढे पुढे करणे वकिलाला शोभते. संशोधकाने सापडलेले सगळे मांडावे. कन्नड शिलालेख कोल्हापुरातही आहेत, म्हणून कोल्हापूर कुणी कर्नाटकाला देत नाही. मग १२०४ च्या लेखामुळे १९४६ चा ठराव तरी का खोटा ठरावा? बेळगावच्या मराठी माणसाचा हक्क तेराव्या शतकातल्या दगडांवर उभा नाही. तिथे आजही जी माणसे मराठीत शिकतात, भांडतात, जन्ममृत्यूचे कागद मराठीत मागतात, त्यांच्यावर तो उभा आहे. तो मांडण्यासाठी मला काही लपवावे लागत नाही, हे कळायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.