अपघाताची आठवण छळतेय? डोळ्यांच्या हालचालींचा 'ईएमडीआर' उपचार काय आहे

हुबळी-धारवाड : पुणे-बेंगळुरू महामार्गावरचा हुबळी-धारवाड बायपास अपघातांसाठी बदनाम आहे. वाचलेल्याचे हाड जुळते. पण हॉर्न ऐकला की छाती धडधडते, रात्री दचकून जाग येते, गाडीत बसवत नाही. महिना उलटूनही हे थांबत नसेल तर तो भित्रेपणा नव्हे. 'पीटीएसडी' हा आजार असू शकतो.

त्यावरचा एक उपचार म्हणजे ईएमडीआर. अमेरिकेच्या फ्रान्सीन शापिरो यांनी १९८७ मध्ये तो सुरू केला. रुग्ण तो प्रसंग मनात धरतो आणि थेरपिस्टची डावी-उजवीकडे फिरणारी बोटे नजरेने टिपतो. साधारण अर्ध्या मिनिटाने थांबून काय जाणवले ते सांगायचे, मग पुन्हा सुरू. मन दोन कामांत गुंतले की आठवणीची धार कमी होते, असे एक स्पष्टीकरण आहे. आठवण पुसली जात नाही, तिचा चटका कमी होतो. सगळे बारीकसारीक सांगावेही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ही पद्धत सुचवली. मात्र मोबाईलवर व्हिडिओ बघून घरी करू नका. उपचाराचे आठ टप्पे असतात. आधी तपासणी आणि मनाची तयारी, मगच आठवणीला हात घालतात.

धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथे तपासून घ्या आणि ईएमडीआर शिकलेला थेरपिस्ट कुठे मिळेल ते विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आणि २४ तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते, कन्नडमध्येही.